हिरव्या हत्तींचा हिवाळी मेळा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अंगाला तेल चोळी तेव्हा, न्हाणीघरात बंब पेटलेला असतानाही, माझे दात वाजत. आमच्या मिरजेची थंडी ती केवढी! पण तिचेही कौतुक मी वर्षभर सांगत फिरे. अशा मला, भर जानेवारीत बर्फातून शेकडो मैल मोटारसायकल हाकीत एका मेळ्याला जाणाऱ्या जर्मन लोकांची हकीकत प्रथम कळली, तेव्हा हे निव्वळ वेड आहे असेच वाटले. वेड तर ते आहेच. पण त्या वेडाला इतिहास आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकावा असा तो आहे.

मेळ्याचे नाव 'एलेफांटेनट्रेफेन', म्हणजे हत्तींची भेट. वर्गात हे सांगितले तर एका मुलाने विचारले, "सर, जर्मनीत हत्ती कुठले?" प्रश्न रास्त होता. हा हत्ती लोखंडाचा, आणि रंगाने हिरवा.

न्यूरेंबर्ग शहरात १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, झुंडाप नावाचा कारखाना निघाला. तोफगोळ्यांना लागणारे फ्यूज बनविणे हा त्याचा मूळ धंदा. युद्ध संपले, आता फ्यूज कोण घेणार? तेव्हा १९२१ पासून त्याने मोटारसायकली काढायला सुरुवात केली. दुसऱ्या युद्धात लष्कर पुन्हा दाराशी आले, आणि साइडकार जोडलेल्या त्याच्या अवजड गाड्या रणांगणावर गेल्या. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. यंत्राच्या प्रेमात पडणाऱ्याने त्याचे गोत्र विसरू नये.

या कुळातली शेवटची मोठी गाडी म्हणजे 'के. एस. ६०१'. १९५० नंतरच्या काही वर्षांत ती निघाली. ५९७ सी. सी.चे इंजिन, अठ्ठावीस अश्वशक्ती, आणि दोन सिलिंडर हत्तीच्या कानांसारखे डावी-उजवीकडे पसरलेले. मागच्या चाकाला साखळी नव्हती, दांड्याने गती मिळे. त्यामुळे चिखल, बर्फ आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांचा तिला फारसा जाच होत नसे. थंडीत त्या दोन कानांची ऊब चालकाच्या नडग्यांना लागे, तेवढाच काय तो शेकोटीचा आनंद! साइडकार जोडली की तिसऱ्या चाकामुळे निसरड्या रस्त्यावर गाडी आडवी पडण्याची भीतीही कमी. हिरव्या रंगामुळे आणि भारदस्त चालीमुळे लोक तिला 'हिरवा हत्ती' म्हणू लागले.

पण हत्तीचे दिवस भरत आले होते. त्या काळी पश्चिम जर्मनीत घरोघर मोटारसायकल होती, ती हौसेने नव्हे. मोटार परवडत नव्हती म्हणून. पुढे हातात पैसा खेळू लागला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये फोक्सवॅगनची दहा लाखावी मोटार कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी बी. एम. डब्ल्यू.ची अंड्यासारखी इसेटा आली, गोगोमोबिल आली. बायकामुलांना पावसात न भिजवता नेण्याची सोय झाल्यावर दुचाकीवर कोण बसणार? मोटारसायकलीच्या विक्रीला अशी गळती लागली की काही वर्षांतच नावाजलेल्या कारखान्यांना टाळी लागली. झुंडापनेही १९५७ मध्ये 'यानुस' नावाची चिमुकली मोटार काढून पाहिली. पुढचे प्रवासी पुढे तोंड करून बसत आणि मागचे मागे! नवराबायकोचे भांडण झाले असेल तर सोयीचे. पण गिऱ्हाइकांना ते रुचले नाही. सात हजारांच्या आतच तो प्रयोग आटोपला. १९५८ मध्ये न्यूरेंबर्गचा मोठा कारखाना विकून कंपनी म्युनिकला गेली, आणि थोरल्या हत्तीचे उत्पादनही संपले.

नेमक्या या पडत्या काळात एर्न्स्ट लेव्हरकूस या माणसाने हाक दिली. 'क्लाक्स' हे त्याचे टोपणनाव. 'दास मोटोराड' या पत्रात तो गाड्यांची परीक्षणे लिही. साइडकारवाल्या हिरव्या हत्तींच्या मालकांनी भर हिवाळ्यात एकत्र यावे, असे त्याने सुचविले. जागा ठरली स्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूडच्या शर्यतीच्या रस्त्यावरची. सोलिट्यूड म्हणजे एकांत. कोण्या ड्यूकने बांधलेला तिथला राजवाडा. कवी शिलर ज्या लष्करी शाळेत शिकला ती शाळा आरंभी इथेच भरे. १९५६ च्या जानेवारीत या एकांतात मूठभर गाड्या फटफटत येऊन थांबल्या.

हिवाळाच का? माझ्या समजुतीने उत्तर साधे आहे. उन्हाळ्यात कोणीही येतो. ज्यांना शेजारीपाजारी 'अजून मोटार घेत नाहीस का रे?' म्हणून हिणवीत असतील, त्यांना आपल्यासारखाच दुसरा वेडा पाहायचा होता. आणि तो खरा की हौशी, हे ओळखायला बर्फाएवढी चांगली चाळणी नव्हती. रबरी लेपाचे लांब कोट, छातीशी कोंबलेली जुनी वर्तमानपत्रे, हँडलवर चढविलेले कातडी हातमोजे एवढी तयारी. बोटे बधिर झाली की थांबायचे, ती इंजिनावर शेकायची आणि पुन्हा निघायचे. सकाळी गोठून दाट झालेल्या तेलामुळे किक दगडासारखी घट्ट होई. तेव्हा शेजाऱ्याने धक्का द्यायचा आणि आपण त्याला. मैत्री व्हायला याहून अधिक काय लागते?

पुढे इतर बनावटीच्या गाड्यांनाही मुभा मिळाली. १९५८ मध्ये मोटारसायकलस्वारांचा राष्ट्रीय संघ निघाला व त्याने मेळा अंगावर घेतला. १९६१ पासून तो आयफेल डोंगरातल्या न्यूरबुर्गरिंग या प्रसिद्ध शर्यतमार्गावर भरू लागला आणि वाढता वाढता हजारोंचा झाला. गर्दी आली की जत्रेचे गुणदोष येतातच. हुल्लड आवरेना, तेव्हा १९७७ नंतर तिथला मेळा थांबला. मग काही वर्षे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गरिंगवर, आणि १९८९ पासून बव्हेरियाच्या अरण्यात, लोह नावाच्या खेड्याजवळच्या खोलगट जागेत.

दरम्यान १९८४ मध्ये झुंडापचे दिवाळे निघाले. तिचा एक धागा मात्र आपल्याकडे आला होता. एन्फील्डने तिच्या परवान्यावर काही लहान गाड्या काढल्या, त्यांतली 'सिल्व्हर प्लस' माझ्या मामाकडे होती. तिच्यावर पुढे उभा राहून मी पेठेतून मिरवलो आहे. आपण एका हत्तीच्या दूरच्या पुतणीवर स्वार आहोत, हे ना मला ठाऊक होते, ना मामाला!

लेव्हरकूस १९९८ साली वारला. तरी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी स्वार लोहच्या खळग्यात उतरतात. पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. पेंढा विकत घेऊन तो बर्फावर अंथरायचा, त्यावर तंबू ठोकायचा, पुढे लाकडे पेटवायची. शनिवारी संध्याकाळी मशाली लागतात. वर्षभरात रस्त्यावर गेलेल्या सोबत्यांसाठी ती मिरवणूक असते. इंजिने बंद असतात, आणि बर्फावरून चालणाऱ्या बुटांचा तेवढा करकर आवाज येत राहतो.