अनुभवाचे इंधन

मराठी कथा-कादंबरीत मुसलमान माणूस पूर्वीपासून आहे. पण बहुतेक वेळा तो ऐतिहासिक कादंबरीतला सरदार किंवा शत्रू म्हणून येतो. त्याच्या घराचा उंबरा ओलांडणारे लेखन थोडेच झाले. म्हणूनच हमीद दलवाईंचे कथालेखन आम्हाला महत्त्वाचे वाटते.

दलवाईंचा जन्म १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी झाला. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ मध्ये आणि ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ मध्ये आली. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यानंतरचे, १९७० चे. त्यांच्या सुधारणावादी भूमिकेविषयी आपल्यात मतभेद होते, आजही आहेत. त्या वादात त्यांचे ललित लेखन मात्र बाजूला पडले.

‘इंधन’मधला माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत हिंदू-मुसलमानांचा शेजार पेटतो. लेखकाला असे गाव, अशी माणसे जन्मापासून ठाऊक होती. पण गाव ओळखीचे असले म्हणजे कादंबरी होतेच असे नाही. दलवाईंनी केवळ आपल्या माणसांची वकिली केली नाही. दोन्हीकडचा राग आणि भीती त्यांनी दाखवली.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपले कितीतरी अनुभव कागदावर उतरले. दंगल, संशय, भाड्याने न मिळणारे घर, हे सारे खरे आहे. पण फिर्याद म्हणजे कथा नव्हे. समोरच्याचे मन समजून घेता आले आणि आपल्याच मोहल्ल्यातला अन्याय लिहिताना हात अडखळला नाही, तरच अनुभवाची कथा होते.