वॉरंटाला मुदत नसते : चावडीच्या हजेरीपासून भिवंडीच्या कोर्टापर्यंत



फौजदारी कायद्यात एक छोटे वाक्य आहे. कोर्टाने काढलेले अटक वॉरंट ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत जिवंत राहते. हे वाक्य १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ७५ मध्ये होते, १९७३ च्या संहितेत ७० मध्ये आले आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ७२ मध्ये आहे. इंग्रजांची संहिता लागू झाली १ जुलै १८९८ ला. गुलामीच्या खुणा पुसायच्या म्हणून आणलेली नवी संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. दिवस तोच, महिना तोच आणि वाक्यही तेच!

भिवंडीत याचा अर्थ काय होतो ते पाहू. तालुक्यातला कातकरी उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, तो पावसाच्या तोंडावर परततो. यंत्रमागावरचा कामगार भिशीत जेवतो, खोली बदलतो, कारखाना बंद पडला की गाव गाठतो. गोदामात हमाली करणारा आपला पोरगा भाड्याच्या खोलीत राहतो आणि करार संपला की पत्ता बदलतो. यांच्यापैकी कुणावर दारूबंदीची, जुगाराची, मारामारीची किंवा मोर्चाची केस असेल तर समन्स जाते जुन्या पत्त्यावर. १९७३ च्या संहितेप्रमाणे आरोपी घरी नसेल तर समन्स कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाकडे द्यायचे होते. घरात आई असेल, बायको असेल, तरी कायद्याच्या लेखी घर रिकामेच. नव्या संहितेने तो 'पुरुष' शब्द काढला, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. पण घरालाच कुलूप असेल तर बाई काय आणि पुरुष काय! मग जामीनपात्र वॉरंट निघते, त्यानंतर अजामीनपात्र, ज्याला आपल्याकडे सगळे 'पकड वॉरंट' म्हणतात. माणसाला पत्ताच नसतो. तो कागदोपत्री 'फरारी' झालेला असतो आणि प्रत्यक्षात रोज सकाळी त्याच नाक्यावर कामाची वाट पाहत उभा असतो.

हजर नसणे हाच गुन्हा, ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. गावकामगार महार हा चावडीचा हक्काचा माणूस. पाटलाचा निरोप तो पोचवायचा, सरकारी टपाल तो वाहायचा, लोकांना चावडीवर तोच बोलावून आणायचा. दुसऱ्यांची हजेरी लावणाऱ्या या माणसाची स्वतःची हजेरी मात्र चोवीस तासांची होती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने या वेठीला कायद्याचे कवच दिले. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तो कायदा दुरुस्त करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा असा होता : वतनदार महार सापडला नाही तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला ओढले जाते. म्हणजे सरकारची मागणी एका माणसावर नव्हती, अख्ख्या घरावर होती. आज वॉरंटातला माणूस सापडला नाही म्हणून भावाला ठाण्यात बसवून ठेवतात, तेव्हा कायद्यात त्याला काडीचाही आधार नसतो. पण पद्धत मात्र ओळखीची वाटते.

भटक्या-विमुक्तांवर तर याहून उघड कायदा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ आणि १९२४ मध्ये पुन्हा पुन्हा मांडलेला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. चोरी केली की नाही हा प्रश्नच नव्हता. हजेरी चुकली की शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. नाव बदलले, पोलीस ठाण्याच्या वहीतल्या वस्त्या मात्र त्याच राहिल्या. कुणाच्या दारात पोलीस आधी जातात हे भिवंडीला शिकवायची गरज नाही. मे १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपाती कारभारावर कठोर ताशेरे ओढलेले आहेत. तो अहवाल तरुणांनी वाचावा.

पण मला आज बोलायचे आहे ते आपल्या चळवळीबद्दल. आपल्याला तुरुंगात जाण्याचा इतिहास आहे. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी लाखांनी तुरुंग भरले. नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे पोरांनी लाठ्या खाल्ल्या. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यातली तरुण पोरे रस्त्यावर आणि रुळांवर उतरली. अटकेचे फोटो आपण अभिमानाने लावतो. त्यानंतरच्या तारखा कोण सांभाळतो?

फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सांगितले की भीमा कोरेगावच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले आहेत. बातमी आली, पेढे वाटले गेले. उरलेल्या ३०१ चे काय, हे फार थोड्यांनी विचारले. शिवाय सरकारने 'मागे घेतले' म्हटल्याने कोर्टात गेलेला खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. जुन्या संहितेत ते कलम ३२१ होते, नव्यात ३६० आहे. मंत्र्याची घोषणा ऐकून ज्याने तारखेला जाणे सोडले, त्याच्यावर वॉरंट निघू शकते. ते त्याला कधी कळते? नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा, पासपोर्टचा अर्ज अडकतो तेव्हा किंवा सणाच्या आदल्या रात्री पोलीस दार वाजवतात तेव्हा. नेत्याचे वकील नेत्यासोबत असतात. कार्यकर्ता तारखेला एकटाच असतो.

कुणी म्हणेल, कोर्ट त्यांचे, कायदा त्यांचा, तारखा कशाला पाळायच्या? अशांना मी महाड दाखवतो. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलो एवढेच आपण दरवर्षी सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो माणसे महाडला जमली होती आणि स्पृश्यांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मग तो दावा महाडच्या कोर्टात चालला, स्पृश्य हरले. ते अपिलात ठाण्याच्या कोर्टात आले, तिथेही हरले. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. दहा वर्षे! एका तळ्यासाठी, गोलमेज परिषदा आणि पुणे करार पार पडत असताना, बाबासाहेबांनी तो दावा सोडला नाही. कोर्टावर भाबडा विश्वास होता म्हणून नव्हे. गैरहजर माणसाविरुद्ध निकाल देणे सगळ्यात सोपे असते, हे त्या बॅरिस्टरला ठाऊक होते.

आता भिवंडीच्याच कोर्टातले अलीकडचे उदाहरण. राहुल गांधींवरचा संघाच्या बदनामीचा खटला इथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आहे. २०१४ चे भाषण, २०१८ मध्ये ते स्वतः हजर, आणि २०२३ मध्ये कोर्टाने त्यांना कायमची हजेरी माफी दिली. यात गैर काही नाही, कायद्यात तशी सोय आहे. माझा मुद्दा एवढाच की ती सोय वीटभट्टीवरच्या माणसालाही आहे. एका तारखेपुरता हजेरी माफीचा अर्ज तर वकील दोन ओळींत देतो. तो अर्ज दिला गेला नाही म्हणून वॉरंट निघते. पुष्कळदा गोष्ट इतकी साधी असते.

वॉरंट आहे की नाही हे ठाण्यात न जाताही कळू शकते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधता येते, पण आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंग पोलिसांनी कशी केली असतील याचा नेम नाही. म्हणून गुन्हा क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणे यावरून शोधावे. ठाणे नीट लक्षात घ्या : शांतीनगर, नारपोली, निजामपुरा, भोईवाडा ही शहर आयुक्तालयातली, तर भिवंडी तालुका, पडघा, गणेशपुरी ही ठाणे ग्रामीणची. केस सापडली की तिचा सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक लिहून ठेवा. मागच्या तारखेच्या नोंदीत वॉरंटाचा टप्पा दिसतो. ॲपवर सापडले नाही म्हणजे वॉरंट नाही असे मात्र धरू नका. जुन्या केसेससाठी कोर्टाच्या कारकुनाकडे वकिलामार्फत चौकशी हाच रस्ता.

'साहेबांना भेटतो, वॉरंट दाबून ठेवतो' असे सांगून पैसे घेणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात. पोलीस वॉरंट दाबू शकतील, रद्द करू शकत नाहीत. ते फक्त काढणारे कोर्टच करते. वॉरंट जामीनपात्र असेल तर रक्कम आणि जामीनदार किती हे त्या कागदावरच लिहिलेले असते आणि तेवढी पूर्तता केली की पोलिसांना सोडावेच लागते. अजामीनपात्र असेल तर वकिलासह स्वतःहून कोर्टात हजर होऊन रद्द करण्याचा अर्ज द्यायचा आणि गैरहजेरीचे कारण कागदानिशी दाखवायचे : दवाखान्याचे पेपर, मजुरीची नोंद, गावाकडचा दाखला. कोर्ट थोडा दंड लावू शकते, जुना मुचलका जप्त करू शकते. २००७ च्या इंदर मोहन गोस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की एरवी आधी समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र. सतेंदर कुमार अंतिल निकालात, जुलै २०२२ मध्ये, त्याहून मोठी गोष्ट आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आणि तपासात अटक झालेली नसेल, तर पुढच्या तारखेला येण्याची हमी देऊन, अंमलबजावणीआधी, प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द होऊ शकते किंवा सौम्य करता येते. हा निकाल वकिलाला आठवण करून द्या.

वकिलाची फी हे कारण उरत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय कोर्टाच्या आवारातच विचारावे, नाहीतर १५१०० वर फोन करावा. बौद्ध म्हणून जातीचा दाखला अडवला गेला, तर १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे हे सांगा.

प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. त्यात नाव, ठाणे, गुन्हा क्रमांक, पुढची तारीख, जामीनदार कोण. जामीनदाराचे नाव मुद्दाम म्हणतो, कारण आरोपी गैरहजर राहिला की नोटीस त्यालाही जाते आणि वस्तीत पुन्हा कुणी कुणाला जामीन राहायला धजत नाही. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटांत येत्या आठवड्याच्या तारखा वाचून होतात. आणि वॉरंट रद्द झाले की त्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका, एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या, दुसरी खिशात ठेवा. कोर्टातला आदेश ठाण्यातल्या वहीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि मधल्या रात्री दार वाजले तर दाखवायला तोच कागद असतो.