लाउडस्पीकरच्या ग्रिलचे कापड : गडद काढून फिकट लावणे

लाउडस्पीकरच्या दर्शनी बाजूला चौकटीवर ताणून बसवलेले विरळ विणीचे कापड. धूळ आणि लहान मुलांची बोटे यांपासून आतल्या नाजूक पडद्यांचे रक्षण करायचे, आणि तसे करताना आवाजाची वाट अडवायची नाही, हे त्याचे काम. घरातल्या भिंती उजळ झाल्या की कोपऱ्यातले काळे स्पीकर खटकू लागतात आणि त्यांचे कापड बदामी, मोतिया किंवा फिकट राखाडी करण्याची हौस वाटते. ती रास्तच आहे. कापडाच्या रंगाचा आवाजाशी काहीही संबंध नसतो. विणीचा मात्र असतो, आणि फिकट रंगाच्या शोधात वीण नकळत बदलते. खरी अडचण इथे येते.

काळा हा काही स्पीकरचा मूळ रंग नव्हे. व्हॉल्व्हच्या रेडिओंवर सोनेरी, तपकिरी, बिस्किटी कापड असे. ठाण्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या मर्फी रेडिओंमुळे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना ते ओळखीचे होते. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी 1954 साली अमेरिकेत केंब्रिज येथे सुरू केलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचे एआर-3ए (1967) हे गाजलेले स्पीकर अक्रोडाच्या पेटीवर फिकट लिननचे कापड लावूनच विकले जात. फेंडर कंपनीच्या गिटार अँप्लिफायरांवर 1960 च्या दशकात आधी गव्हाळ आणि मग चंदेरी कापड आले. जेबीएलच्या एल-100 ने 1970 मध्ये कापडच बाजूला ठेवून नारिंगी, निळा असा रंगीत फोम लावला. तो दिसायला देखणा, पण काही वर्षांनी भुगा होऊन गळू लागणारा! बँग अँड ओलुफसेनच्या बिओप्ले ए-9 (2012) या गोल स्पीकरचे कापड तर मालकानेच हवे तेव्हा बदलावे, अशी सोय आहे.

आवाज कापडातून जातो तो मुख्यतः धाग्यांमधल्या छिद्रांतून. छिद्रांतून हवा जाताना जितका अडथळा होतो, तितका आवाज घटतो. हा अडथळा हवेच्या अंगभूत ध्वनिरोधाच्या एक-दशांश असेल तर घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी, म्हणजे कानाला न जाणवणारी असते. दुकानात मोजमापाचे यंत्र नसते, पण कापड ओठांशी धरून फुंकर मारता येते. फुंकर विनासायास पलीकडच्या तळहातावर लागली तर कापड चालेल. गाल फुगवावे लागले तर ते परत ठेवावे. पडद्याचे जाड कापड, कॅनव्हास आणि मागून लेप दिलेले सोफ्याचे कापड या चाचणीत हमखास नापास होते.

फिकट कापडाची आणखी एक खोड घरी आणल्यावरच कळते. गडद कापडामागचे सगळेच गडद असते, त्यामुळे डोळ्याला काही वेगळे दिसत नाही. पांढऱ्या कापडाचे धागे प्रकाश परतवतात, पण छिद्रांतून मागचा काळोख डोकावतो. परिणामी पांढरे कापड बसवल्यावर राखाडी दिसते, आणि चौकटीच्या पट्ट्या, वूफरचे वर्तुळ, ट्वीटरची चकाकती धातूची कड यांच्या सावल्या उमटतात. म्हणून नमुना दुकानाच्या पांढऱ्या काउंटरवर पाहू नये. काळ्या कागदापासून दोनेक सेंटीमीटर वर धरून पाहावा. सावली टाळण्यासाठी बरेच जण घट्ट विणीचे कापड निवडतात किंवा दुहेरी थर लावतात, आणि दोन्हींमुळे अडथळा वाढतो. त्यापेक्षा चौकटीच्या पट्ट्या कापडाच्याच रंगात रंगवाव्यात आणि रंग अपेक्षेपेक्षा एक छटा उजळ घ्यावा. वूफर-ट्वीटरच्या पडद्यांना मात्र रंग लावू नये. त्यांचे वजन वाढले की स्पीकरचे गणित बिघडते.

जुन्याच कापडाला पांढरा रंग फासणे हा सर्वांत वाईट उपाय. समजा, चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या कापडाची सगळी छिद्रे बुजली. मग 10,000 हर्ट्झचा आवाज 17 डेसिबलांहून अधिक खाली येतो, आणि 100 हर्ट्झचा खर्ज मात्र जवळजवळ तसाच बाहेर पडतो. त्यामुळे आवाज नुसता लहान होत नाही, घुमा होतो. झांज, टाळ आणि गाणाऱ्याच्या ओठांवरचे ‘स’, ‘श’ आधी हरवतात. ब्लीचचाही भरवसा नाही, कारण पॉलिएस्टरचा रंग त्याने सहसा उतरत नाही. फिकट कापड रंगवून गडद करता येते, उलटा प्रवास जवळपास अशक्य. तेव्हा नवे कापड घेणेच बरे.

बदलण्याचे काम अवघड नाही, सबुरीचे आहे. चौकट खुंट्यांवर किंवा चुंबकांवर अडकवलेली असेल तर चारी कोपऱ्यांना थोडी थोडी उचलून काढावी. जुने कापड पिना काढून किंवा खाचेतली रबरी दोरी उपसून सोडवावे. नवे कापड चौकटीपेक्षा चारी बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर मोठे कापून इस्त्री करावे. समोरासमोरच्या बाजूंचे मध्य आधी पक्के करून मग कोपऱ्यांकडे सरकावे. एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात घातला तर उभे-आडवे धागे तिरके होतात, आणि फिकट रंगावर तिरकी वीण लगेच डोळ्यांत भरते. कोपऱ्यांवरच्या जाड घड्या आतून कापाव्यात, नाहीतर चौकट पुन्हा नीट बसत नाही. फार ताणले तर बारीक चौकट आत वाकते. सैल ठेवले तर जोरदार खर्जाला कापड फडफडते. लिनन आणि सुती कापड दमट हवेत ओलावा शोषून सैलावते, म्हणून कोकणपट्टीत पॉलिएस्टर अधिक टिकाऊ ठरते.

शेवटी रेडिओच्या दोन स्टेशनांमधली खरखर लावून ग्रिल काढून-घालून ऐकावे, कारण सर्व उंचीचे स्वर तिच्यात एकदम असतात. ग्रिल घातल्यावर ती बोथट झाली तर कापड घट्ट विणीचे आहे. काही स्पीकर मुळात ग्रिल लावलेल्या अवस्थेतच जुळवलेले असतात. त्यांच्या बाबतीत नव्या कापडाची तुलना उघड्या स्पीकरशी न करता जुन्या कापडाशी करावी आणि त्यासाठी दुसऱ्या स्पीकरचे जुने ग्रिल तोवर उसवू नये.