उपग्रहाला आपलं वावर दिसतं, आपल्याला मात्र ते चित्र दिसत नाही

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण घरात कुणी शेती करत असेल तर शेवटपर्यंत वाचा, कारण विषय अंतराळाचा असला तरी प्रश्न आपल्या सातबाऱ्याचा आहे.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. गावोगाव फटाके वाजले, शाळांतून पोरांना टीव्हीवर दाखवलं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. अभिमान वाटावा असाच दिवस होता. पण त्याच ऑगस्टमध्ये आपल्याकडं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात माना टाकून उभं होतं. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. पुढं ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या ११ तालुक्यांपैकी त्यात तीनच बसले: वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. बाकीच्या तालुक्यांतले लोक विचारत होते, आमच्याकडं काय पूर आला होता का? तेव्हा उत्तर एकच मिळायचं, "निर्देशांकात बसत नाही."

नंतर १० नोव्हेंबरला १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करून थोडी मलमपट्टी झाली. पण "निर्देशांक" हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. हा निर्देशांक काय असतो, तो कोण काढतं? शोधत गेलो तर त्याचा एक धागा सरळ आकाशात गेला. चंद्रावर यान उतरवणारी जी संस्था, तिच्याच उपग्रहांच्या कामातून आपला दुष्काळ मोजायची पद्धत उभी राहिली आहे. ही गोष्ट पन्नास वर्षांची आहे.

आधी दुष्काळ माणसाच्या डोळ्याने ठरायचा. आणेवारी, पुढं तिचीच पैसेवारी झाली. गावात समिती बसायची, पीक बघायची, काही ठिकाणी कापणी करून वजन घ्यायची. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. या पद्धतीत घोळ भरपूर होते. कुणाच्या तरी दबावाने आकडा ४९ चा ५१ व्हायचा आणि ५१ चा ४९ पण व्हायचा. तरी एक गोष्ट चांगली होती. आकडा काढणारा माणूस गावातल्या पारावर सापडायचा, त्याला अडवून विचारता यायचं.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आपल्या आजोबा-आजींच्या पिढीने खडी फोडली, पाझर तलाव बांधले, सुकडी खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रोजगार हमी योजना जन्मली ती याच काळात. योगायोग बघा, त्याच १९७२ च्या जुलैत अमेरिकेने पृथ्वीवरची पिकं, पाणी, जंगल टिपणारा पहिला उपग्रह सोडला. पुढं त्याचं नाव लँडसॅट पडलं.

भारतात हा विचार त्याआधीच सुरू झाला होता. विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की आपल्याला चंद्रावर माणूस पाठवायच्या शर्यतीत धावायचं नाही, हे तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या कामाला लावायचं. त्याची सुरुवात झाली एका झाडापासून. १९७० साली केरळात नारळाच्या बागांना मुळांचा रोग लागला होता. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो घेतले. रोगट झाड फोटोत वेगळं उठून दिसलं. भारतातलं 'दूरसंवेदन' म्हणजे रिमोट सेन्सिंग सुरू झालं ते असं, शेतकऱ्याच्या बागेतून.

१९७९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवा. त्या वर्षी हैदराबादजवळच्या शादनगरला लँडसॅटची चित्रं उतरवून घेणारं केंद्र सुरू झालं. आणि ७ जूनला सोव्हिएत रशियातून 'भास्कर' हा आपला पहिला पृथ्वी-निरीक्षण उपग्रह सुटला. भास्कराचार्यांचं नाव त्याला दिलेलं. भास्कराचार्यांचं 'विज्जडविड' म्हणजे आपलं बीडच, असं मानणारे काही अभ्यासक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणकडं बोट दाखवणारेही आहेत. तो वाद त्यांच्यावर सोडू. मला गंमत वाटते ती शादनगरची. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या संस्थानात, शेतसाऱ्याच्या सुटीचा शेवटचा शब्द हैदराबादचा. संस्थान गेलं, मराठवाडा मुक्त झाला, आणि तीस वर्षांनी आपल्या रानाचं चित्र पुन्हा हैदराबादेतच उतरायला लागलं!

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो न्यूयॉर्कमध्ये घडला.

अमेरिकेचा उपग्रह जगभरातल्या देशांची जमीन टिपायला लागला तेव्हा गरीब देश अस्वस्थ झाले. आमच्या देशात पीक किती येणार, खनिज कुठं आहे, हे आमच्या आधी दुसऱ्याला कळणार? मग तो आमच्याशी सौदा करताना आम्हाला नागवणारच की. संयुक्त राष्ट्रांत यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. आमची परवानगी घेतल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत, अशी काही देशांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पण ३ डिसेंबर १९८६ ला महासभेने १५ तत्त्वं मंजूर केली. त्यातल्या बाराव्या तत्त्वाचा मतलब असा: ज्या देशाची भूमी टिपली गेली, त्या देशाला ती माहिती भेदभाव न करता आणि वाजवी दरात मिळाली पाहिजे.

म्हणजे फोटो काढणारा कुणीही असो, ज्याचा फोटो निघाला त्याचाही त्यावर हक्क आहे. देशांसाठी हे तत्त्व जगाने ४० वर्षांपूर्वी मान्य केलं. माझा प्रश्न साधा आहे. देशाला जो हक्क आहे तो शेतकऱ्याला का नाही?

पुढचा प्रवास वेगात झाला. १७ मार्च १९८८ ला आपला स्वतःचा आयआरएस-१ए बायकोनूरहून सुटला. त्याच वर्षी नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र उभं राहिलं. १९८९ पासून उपग्रहावरून दुष्काळ मोजायचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला जिल्ह्याचा अंदाज यायचा, कॅमेरे सुधारले तसं तालुक्यापर्यंत आलं. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळाची नवी संहिता आणली, २०१७ ला राज्याने ती स्वीकारली. २०१८ ला 'महामदत' नावाची संगणक प्रणाली आली आणि १५१ तालुक्यांत तिच्या आधारे दुष्काळ जाहीर झाला. पैसेवारीची मक्तेदारी तिथं संपली.

नवी पद्धत थोडक्यात अशी. आधी पाऊस बघायचा: किती तूट, किती आठवड्यांचा खंड. त्यात तालुका अडकला तर मग पेरणी, जमिनीतला ओलावा, भूजल, धरणसाठा आणि उपग्रहाने दाखवलेली पिकाची स्थिती बघायची. त्यातून पुढं आला तर तालुक्यातली १० टक्के गावं निवडून प्रत्यक्ष पाहणी करायची. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तरच दुष्काळ.

उपग्रह पीक कसं बघतो? निरोगी हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. मग त्याच जागेचा, त्याच आठवड्याचा मागच्या अनेक वर्षांतला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा घेऊन यंदा आपण मध्ये कुठं आहोत ते ठरवतात. शास्त्र म्हणून हे पक्कं आहे. यात कुणाचा दबाव चालत नाही, हा मोठाच फायदा.

पण वावरात उभं राहून बघा. उपग्रहाला हिरवं दिसतं, दाणा दिसत नाही. फुलोऱ्यात २०-२२ दिवस पाणी नाही, फुलं गळाली, मग सप्टेंबरात दोन सरी आल्या आणि सोयाबीन पुन्हा हिरवंगार झालं. वरून पीक झकास. मळणीला बसलं की एकरी दोन पोती. मोकळ्या रानातलं तण पण हिरवंच. गेवराई-माजलगावकडं जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर ऊस हिरवा आहे आणि त्याच तालुक्यातल्या माळावर मुरमाड रानात कापूस जळालाय, तर तालुक्याची सरासरी काढताना माळावरचा माणूस बुडतो. शिवाय खरिपात आभाळ भरून असतं. साध्या कॅमेऱ्याला ढगाच्या खालचं दिसत नाही.

हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत आहे, आणि ते म्हणूनच तर पाहणी सांगतात. अडचण आपल्या टोकाला आहे. मी वीस वर्षं टंचाईच्या बातम्या लिहितोय. कोणत्या तारखेचं चित्र वापरलं, आमच्या तालुक्याचा आकडा किती आला, पाहणीला कोणती गावं निवडली, हे गावच्या सूचना फलकावर लावलेलं मी एकदाही बघितलेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "डाटा वरून आलाय."

दुष्काळाचं झालं, आता विम्याचं. २०२३ च्या खरिपापासून राज्याच्या पीकविमा योजनेत सोयाबीन, कापूस, भात अशा पिकांसाठी उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं. बाकीचं पीक कापणी प्रयोगावर. २०२५ च्या खरिपात एक रुपयातला विमा गेला, अधल्यामधल्या आपत्तीचे निकष पण गेले, आणि भरपाईचा सगळा भार हंगामाअखेरच्या उत्पादनाच्या आकड्यावर आला. म्हणजे त्या आकड्यात उपग्रहाचा वाटा किती आणि कसा, हा आता आपल्या खिशाचा प्रश्न आहे.

इथं एक गोष्ट खरी बोललीच पाहिजे. बोगस पीकविम्यात आपल्या जिल्ह्याचं नाव विधानसभेपर्यंत गाजलं. पेरणीच नाही तिथं विमा उतरवला गेला. असले उद्योग पकडायला उपग्रहासारखा साक्षीदार नाही, आणि प्रामाणिक शेतकऱ्याच्या बाजूने तीच साक्ष उभी राहू शकते. म्हणून मी उपग्रहाच्या विरोधात नाही. ही साक्ष बंद दाराआड होते, याच्या विरोधात आहे.

आणि आता तर दार आणखी वेगळ्या दिशेने उघडतंय. एप्रिल २०२३ मध्ये भारताचं नवं अंतराळ धोरण आलं. खासगी कंपन्या स्वतःचे उपग्रह सोडू शकतात, चालवू शकतात, डाटा विकू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल कंपनीच्या गटाला १२ पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांचं काम मिळालं, सुमारे १,२०० कोटींची गुंतवणूक. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह गेला. त्याचं रडार ढगातून आणि रात्रीही बघतं, दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा टिपतं. पुढच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने रानं खरवडून गेली, तेव्हा असल्या नजरेची किंमत आपल्याला चांगलीच कळली. उद्या बँक कर्ज देताना, कंपनी विमा ठरवताना, व्यापारी भाव काढताना तुमचं वावर आधी वरून बघणार. आपल्या पिकाचा अंदाज आपल्या आधी त्यांना कळणार. १९८६ च्या आधी गरीब देशांना जी भीती वाटत होती, तीच आता गट नंबरापर्यंत आली आहे.

त्याच धोरणात एक चांगली ओळ पण आहे. पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची चित्रं खुली आणि मोफत, आणि सरकारी यंत्रणांना तर त्याहून बारीक चित्रंही मोफत. म्हणजे "डाटा महाग आहे" ही सबब सरकारकडं उरलेली नाही.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत, पैसा लागत नाही, इच्छा लागते:

१. दुष्काळ ठरवताना वापरलेले सगळे आकडे, उपग्रह चित्राच्या तारखेसह, मराठीत तलाठी कार्यालय आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

२. पाहणीसाठी निवडलेल्या गावांची यादी पाहणीच्या आधी जाहीर करा.

३. विम्याच्या उत्पादनात कापणी प्रयोगाचा आकडा किती आणि उपग्रहाचा किती, हे मंडळनिहाय वेगवेगळं दाखवा.

४. आकडा चुकीचा वाटला तर गावाला हरकत घ्यायला ठरावीक दिवस द्या.

तोवर माहितीचा अधिकार आहेच. या दुष्काळी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने एक अर्ज टाकला तरी "डाटा वरून आलाय" म्हणणाऱ्याला तो डाटा खाली आणून दाखवावा लागेल. भारत २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारणार आहे, २०४० पर्यंत चंद्रावर माणूस पाठवणार आहे. जरूर पाठवावा, आपण पुन्हा फटाके वाजवू. पण केरळातल्या नारळाच्या बागेतून सुरू झालेलं हे काम वडवणी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला त्याच्याच रानाचा हिशेब दाखवत नसेल, तर साराभाईंनी सांगितलेलं काम अजून अर्धंच झालंय.

२०१८ किंवा २०२३ ला तुमच्या गावात पाहणीला कुणी आलं होतं का? आलं असेल तर काय बघितलं, काय लिहून नेलं, सांगा. गाव आणि मंडळाचं नाव लिहा. सगळं एकत्र करून पुढची बातमी करतो.