एरंडाच्या पानापासून पॅचपर्यंत

डोंबिवली ते ठाणे उभ्याने चाललाय ना? मग आज गुडघ्याचीच गोष्ट ऐका.

आपल्या आज्या दुखऱ्या गुडघ्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायच्या, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप लावायच्या. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढलं, आणि लेप बाटलीत आला. १९३४ मध्ये जपानमध्ये सॅलोनपास आला, म्हणजे लेप थेट चिकटपट्टीवर!

पण सांधा वेगळा आणि नस वेगळी. सांध्याची सूज उतरवायला डायक्लोफेनॅकचा पॅच. नागीण बरी झाल्यावरही नस जळत राहते, त्यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेत लिडोकेनच्या पॅचला मान्यता मिळाली. तो नस बधिर करतो. मिरचीतल्या कॅप्सेसिनचाही पॅच आहे. मिरची झोंबते ती नसांमधल्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरमुळे. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

तेव्हा पॅच म्हणजे नुसती पट्टी नाही, औषध आहे. जखमेवर लावू नका, वरून शेक देऊ नका. आणि पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना विचारा. आईबाबांनाही सांगा हं!