कोकणचक्रवर्ती सोमेश्वराचा शेवट

नवी मुंबईच्या द्रोणागिरी विभागाला लागून असलेल्या उरण तालुक्यातील चाणजे या गावी मिळालेला शके ११८२, म्हणजे इ. स. १२६० चा शिलालेख हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याच्या अखेरच्या दिवसांतील फार मोलाचा पुरावा आहे. श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, येथील उत्तरेश्वर महादेवाला चाणजे परिसरातील एका बागेचे १६२ पारुत्थ द्रम्मांचे ठरीव उत्पन्न दिल्याची नोंद त्यात असून (पारुत्थ द्रम्म हे त्या काळी चलनात असलेले एक नाणे), दान देणाऱ्या सोमेश्वरदेवाच्या नावामागे ‘कोकणचक्रवर्ती’ हे बिरुद जोडलेले आहे. चक्रवर्ती म्हणजे सार्वभौम राजा. याच सोमेश्वराचे पूर्वज मात्र ‘महामंडलेश्वर’, म्हणजे मोठ्या मांडलिकाची पदवी, अभिमानाने मिरवीत असत आणि आपले मूळ तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथे असल्याचे सांगत असत. बिरुद सर्वांत मोठे झाले त्या वेळी राज्य संपण्यास जेमतेम पाच वर्षे उरली होती.

राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून नवव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेल्या या घराण्याची सत्ता ठाणे, शूर्पारक (सोपारा) आणि चेमूल्य (चौल) या बंदरांवर उभी होती, आणि त्यांची पुरी ही राजधानी न्हावा-शेवासमोरील घारापुरी बेटावर असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ९७३ मध्ये राष्ट्रकूट कोसळल्यावर शिलाहारांनी आपले अस्तित्व टिकविले, १०६० मध्ये मुम्मुणी, म्हणजेच माम्वाणी, याच्या कारकिर्दीत अंबरनाथचे शिवालय पूर्ण केले. पण त्यानंतर गोव्याच्या कदंबांनी कोकणात खोलवर मुसंडी मारली आणि बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याचा सेनानी आंबड याने मल्लिकार्जुन शिलाहाराला रणात ठार केले. तेव्हा सोमेश्वराच्या पराभवाचा सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नाही, कारण शंभर-दीडशे वर्षे झिजत आलेले राज्य त्याच्या वाट्याला आले होते.

घाटमाथ्यावर याच काळात देवगिरीच्या यादवांचे बळ वाढत होते. सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाचा पाडाव करून कोल्हापूरची शिलाहार शाखा संपविली, तर त्याचा नातू कृष्ण याने मल्ल नावाच्या सेनापतीला उत्तर कोकणावर धाडले. मल्लाच्या विजयाचे गोडवे यादवपक्षाने गायिले असले तरी प्रदेश हाती आल्याचे दिसत नाही, आणि चाणजे येथील १२६० चे दान ही त्याची बोलकी साक्ष आहे, कारण सोमेश्वर तेव्हाही स्वतःच्या नावाने उत्पन्न नेमून देत होता. देवगिरीला कोकण हवे असण्याचे कारण समजण्यास अवघड नाही. देशावरचा व्यापारी माल घाट उतरून ज्या बंदरांत जाई, ती बंदरे व त्यांवरील जकात दुसऱ्याच्या ताब्यात राहणे हे वाढत्या सत्तेला परवडणारे नव्हते.

निर्णायक स्वारी कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव याने १२६५ च्या सुमारास केली. तिची हकिकत प्रामुख्याने ज्या लेखणीतून येते ती त्याच्याच श्रीकरणाधिपाची, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख असलेल्या हेमाद्रीची आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडाला जोडलेल्या राजप्रशस्तीत हेमाद्री सांगतो की समुद्र तरून जाण्यात निष्णात असलेला कोकणपती महादेवाच्या हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदाच्या नद्यांत सैन्यासह बुडाला, आणि महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातला वडवानल, म्हणजे सागराच्या पोटातील पुराणोक्त अग्नी, त्याला अधिक सुसह्य वाटला. अलंकार बाजूला सारल्यावर इतिहासकारांनी यातून काढलेला अर्थ असा, की यादवांच्या गजदळापुढे जमिनीवर हरलेला सोमेश्वर आपल्या हक्काच्या आश्रयाला, म्हणजे जहाजांवर गेला, तेथेही त्याचा पाठलाग झाला आणि तो बुडून मेला. हत्तींना या वर्णनात मिळालेले मानाचे स्थान केवळ कविसंकेत म्हणून सोडून देता येत नाही, कारण हेमाद्रीकडे हत्तीदळाचाही अधिकार होता.

बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ, म्हणजे रणात पडलेल्या वीरांचे स्मारकशिल्प, याच युद्धाचे असावेत असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. त्यांवर हत्तींसह चाललेली जमिनीवरची लढाई आणि वल्ह्यांच्या रांगा असलेल्या जहाजांचे सागरी युद्ध कोरलेले आहे. त्यांचा संबंध अकराव्या शतकातील माळव्याच्या भोज परमाराच्या कोकणस्वारीशी जोडणारे मतही आहे, आणि शिळांवर नाव वा वर्ष वाचता येत नसताना निःशंक निर्वाळा देणे योग्य होणार नाही.

सोमेश्वराच्या अंतानंतर सुमारे चौदा वर्षांनी, १२७९ मध्ये, दक्षिण चीनच्या यामेन येथील समुद्रात सुंग घराण्याचा असाच अंत झाला. कुब्लाई खानाच्या आरमाराने वेढल्यावर लू शिऊफू या मंत्र्याने बाल सम्राट चाओ पिंगला पाठीवर घेऊन समुद्रात उडी टाकली, आणि शत्रूच्या कैदेत असलेला सुंग मंत्री वन थ्येनशियांग याने पुढे बंदिवासात लिहिलेल्या कवितांमधून तो शोक अमर केला. सोमेश्वराला असा वन थ्येनशियांग लाभला नाही. त्याच्या मृत्यूचे वर्णन जिंकणाऱ्याच्या प्रधानाने केले, त्यामुळे शरणागती नाकारून समुद्रावर गेलेला राजा त्या वर्णनात भित्रा ठरतो; हीच कृती चीनमध्ये निष्ठेचा कळस मानली गेली. एवढेच नव्हे, तर हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे शिलाहारांनी बांधलेले अंबरनाथचे मंदिरही लोकांच्या तोंडी सर्रास ‘हेमाडपंती’, म्हणजे हेमाद्रीच्या नावाचे, झाले आहे. चाणजेच्या शिळेचे महत्त्व यामुळेच फार मोठे आहे, कारण स्तुती आणि निंदा या दोहोंपासून दूर राहून ती पराभूताच्या राज्याचा नित्य व्यवहार दाखविते.

यादवांनी कोकण आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती सोपविले. महादेवानंतर त्याचा पुत्र आमण याला पदच्युत करून गादीवर आलेल्या रामचंद्राच्या काळातील, शके ११९४ म्हणजे १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात अच्युत नायक हा कोकणचा कारभारी म्हणून दिसतो, आणि षट्षष्टी म्हणजे साष्टीतील वाउल हे गाव तो ब्राह्मणांना दान देतो.