ताप की प्लेग?

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि वाद पेटला तो नावावरून. प्लेग म्हटलं की बंदरावर निर्बंध, व्यापार ठप्प. याला नुसता अडाणीपणा म्हणायला आम्ही तयार नाही. ज्याचं पोट बंदरावर, त्याला ते नाव परवडत नव्हतं. लोक मात्र गाडी धरून पळू लागले. पुण्याची गाडी आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरूनच जाते! पुण्यात १८९७ साली दुसरं टोक: रँडची पथकं घरं झडू लागली, तसे लोक रोगी लपवू लागले. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराला रोगाचं गांभीर्य कळत होतं; मशीन बंद ठेवून भाडं कसं भरायचं, ते कळत नव्हतं.